दिवस राहिल्यावर विमा शोधताना

अगं, तिसऱ्या महिन्यात विमा शोधतेयस म्हणून घाबरू नकोस, पण एजंट 'सगळं कव्हर होतं' म्हणाला की लगेच सहीही ठोकू नकोस. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत बाळंतपणासाठी बहुधा वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तो खर्च मिळायला लागेपर्यंत थांबायचा काळ. तो तुझ्या तारखेपलीकडे जात असेल तर या खेपेला तिचा उपयोग शून्य. म्हणून आधी तुझ्या किंवा नवऱ्याच्या नोकरीतली ग्रुप पॉलिसी बघ. तिथे ही अट पुष्कळदा नसते. तीही नसेल तर सरकारी योजनेची चौकशी कर, लाजायचं काय त्यात?

सीझरची मर्यादा वेगळी लिहिली आहे का, तेवढं बघून घे.

आणि बाळाचं! सगळे आईपाशीच थांबतात, मीही थांबले होते. बाळ वेळेआधी आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर बिल खरं तिथे फुगतं. बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का आणि त्याची नोंद किती दिवसांत करायची, हे लेखी विचार. तोंडी उत्तर धरू नकोस. मुदत चुकली की भांडूनही फारसं हाती लागत नाही. बाळाच्या नोंदीचा फॉर्म आत्ताच आणून नवऱ्याच्या ताब्यात दे, बाळ आल्यावर तुला काही सुचणार नाही.