नावाचा धुरा कुठपर्यंत?

दारव्हा

बाळा,

तू बनवतोयस त्या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ‘जर-असेल’ काल रात्री निवांत चालवून पाहिलं. किंमत मिळाली तर ते तिला नाव बांधून पुढं जातं, नाही तर एल्सकडे, म्हणजे ‘नाहीतर’च्या भागाकडे, वळतं. एका दमात दोन-तीन नावं बांधता येतात, हे फार चांगलं केलंस. क्लोजर भाषेतल्या अशाच इफ-लेटमध्ये नाव-किमतीची एकच जोडी चालते. स्कीम भाषेतला अँड-लेट 1999 पासून ओळीनं कितीही जोड्या घेतो, पण त्याला एल्सच नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न त्याला पडत नाही. तुला पडणार आहे.

तुझा मॅक्रो, म्हणजे ‘जर-असेल’ला साध्या कोडमध्ये बदलणारा नियम, उलगडला तर एकात एक इफ, आणि प्रत्येकात एल्सची प्रत. आता असं समज, बाहेर ‘भाव’ म्हणजे कापसाचा हमीभाव. आत पहिली जोडी पुन्हा ‘भाव’, म्हणजे आजचा बाजारभाव. दुसरी ‘वजन’, काटापट्टीवरचं. एल्समध्ये नुसतं ‘भाव’ छापायचं. बाजारभावच मिळाला नाही तर हमीभाव छापला जातो. बाजारभाव मिळाला पण काटापट्टी नसली, तर बाजारभाव छापला जातो. ओळ तीच, नाव तेच, अर्थ मात्र दोन! आपल्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाऊस पाहून सरकत नाही ना? तसाच नावाचाही सरकू नये. आत बांधलेलं नाव एल्समध्ये दिसताच कामा नये.

त्यासाठी एल्स आधीच, जोड्यांच्या बाहेर, एका बिनआर्ग्युमेंटच्या फंक्शनमध्ये ठेव. त्याचं नाव जेनसिमनं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नावाशी न जुळणारं, घे, आणि आतून फक्त त्याला बोलाव. प्रतीही वाचतील. क्लोजरमध्ये असं केलं तर एल्समधला रिकर, म्हणजे ‘पुन्हा सुरुवातीला जा’ हा आदेश, बाहेरच्या लूपकडे न जाता त्या फंक्शनकडेच जातो. तुझ्याकडे खरे टेल कॉल आहेत, म्हणजे शेवटी कितीही वेळा फंक्शन बोलावलं तरी मेमरी वाढत नाही, म्हणून तुला ती अडचण नाही.

दुसरं, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एका पोत्यात भरू नकोस. मी हे केलंय. एका गावच्या यादीत ‘पीकविमा काढला का’ असा रकाना होता. मी इफ-लेट लावलं; त्याला फॉल्स आणि रिकामं सारखंच. ज्यांचं उत्तर ‘नाही’ होतं, म्हणजे फॉल्स, ते सगळे ‘माहिती बाकी’मध्ये गेले. पोरगा पुन्हा घरोघरी विचारत फिरला. एक म्हातारा कास्तकार त्याला म्हणाला, “अरे, सांगतलं ना, नाई काढला म्हून!” त्याचं उत्तर मी पुसून टाकलं होतं, हे अजून बोचतं. क्लोजरमध्ये 2014 साली, 1.6 आवृत्तीत, इफ-सम आलं ते याचसाठी. ते फक्त निल, म्हणजे ‘किंमतच नाही’, एवढंच पाहतं. तुझ्या भाषेत दोन्ही ठेव, आणि नावं सहज वेगळी कळतील अशी दे.

वेचणी आटोपली की लॅपटॉप घेऊन ये. हमीभाव-बाजारभावाची चाचणी आधी लिहू, मॅक्रोला मग हात लावू.

तुझा काका