वाचकांचे प्रश्न : बाप्टिस्ट मंडळ्या आणि अमेरिकेतील यादवी

प्रश्न : सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम कॅरी बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे होते, एवढीच या पंथाची मला ओळख. धर्म आणि शासन अलग असावे, असे मानणारा हा पंथ अमेरिकेत यादवी युद्धाआधीच का फुटला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बाप्तिस्मा, बायबल किंवा तारण (पापातून मुक्ती) यांविषयी अमेरिकेच्या उत्तरेकडील आणि गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांतल्या बाप्टिस्टांत मतभेद नव्हता, वाद पेटला तो गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमावे का, यावरून. १८४४ मध्ये जॉर्जियातील बाप्टिस्टांनी जेम्स रीव्ह या गुलाम बाळगणाऱ्या धर्मोपदेशकाचे नाव देशांतर्गत मिशनसाठी, कसोटी पाहण्याच्या हेतूने, पुढे केले आणि मिशनच्या मंडळाने त्याची नेमणूक केली नाही. त्याच वर्षाअखेरीस अलाबामाच्या बाप्टिस्टांनी परदेशी मिशनच्या बॉस्टनमधील मंडळाला रोखठोक विचारले, तेव्हा गुलामांवरील मालकी न सोडणाऱ्या उमेदवाराला आम्ही नेमू शकत नाही, असे उत्तर आले. मे १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ ही आपली वेगळी संघटना स्थापन केली. उत्तरेकडील सगळेच बाप्टिस्ट गुलामगिरीचे कडवे विरोधक होते, असे मात्र समजू नये. अनेकांना मिशनचे काम एकसंध राहावे, एवढेच हवे होते.

धर्म आणि शासन यांमधील भिंतीची, तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची प्रसिद्ध उपमा १८०२ मध्ये कनेटिकट राज्यातील डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातलीच आहे, कारण सरकारमान्य चर्चचा जाच सोसणाऱ्या या अल्पसंख्याकांना तशी भिंत हवी होती. दक्षिणेतील पुढाऱ्यांनी पुढे तिचाच आडोसा घेतला : गुलामगिरी ही शासनाच्या कायद्याची बाब, मंडळीने (चर्चने) तीत पडू नये. परंतु दक्षिण कॅरोलिनातील बाप्टिस्ट नेते रिचर्ड फर्मन यांनी १८२२ मध्येच गव्हर्नरांना निवेदन देऊन गुलामगिरीला बायबलचा आधार पुरवला होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या शपथविधीत प्रार्थना केली ती बाप्टिस्ट धर्मोपदेशक बेसिल मॅन्ली यांनी, आणि मे महिन्यात सव्हाना येथे कन्व्हेन्शनने त्या नव्या सत्तेला पाठिंबा देणारा ठरावही केला. म्हणजे गुलामगिरीविरुद्ध बोलणे तेवढे राजकारण ठरत होते.

या साऱ्या पत्रव्यवहारात ज्यांना कोणी विचारले नाही, ते गुलामही हजारोंच्या संख्येने याच मंडळ्यांचे बाप्तिस्मा घेतलेले सभासद होते. युद्ध संपताच ते मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मंडळ्या उभारल्या.