प्रश्नोत्तरे : आयटीआयएल फाउंडेशनच्या परीक्षेत कुठे अडखळायला होते?

माहिती तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनाची आयटीआयएल ही कार्यचौकट १९८० च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी संगणक विभागात आकाराला आली. तिची चौथी आवृत्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सध्या आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे त्या आवृत्तीच्या फाउंडेशन, म्हणजे प्राथमिक पातळीच्या, परीक्षेविषयी असतात. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

मी पुण्यातील एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारी व मागण्या घेणाऱ्या कक्षात, काम करतो. आमच्याकडे मोठा बिघाड झाला की सगळे त्याला ‘पी-वन (पहिल्या प्राधान्याचा) प्रॉब्लेम’ म्हणतात. सराव परीक्षेत मात्र इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांच्यावरचे प्रश्न माझे हमखास चुकतात. इन्सिडेंट गंभीर झाला की त्याचा प्रॉब्लेम होतो, असे समजणे चूक आहे का?

होय, ते चूक आहे. इन्सिडेंट कितीही मोठा झाला तरी तो इन्सिडेंटच राहतो. फार तर त्याला ‘मेजर इन्सिडेंट’ म्हणतात आणि तो हाताळण्याची पद्धत वेगळी ठरवलेली असते. सेवा अनपेक्षितपणे खंडित होणे किंवा तिचा दर्जा घसरणे म्हणजे इन्सिडेंट, आणि एका किंवा अनेक इन्सिडेंटांमागचे प्रत्यक्ष अथवा संभाव्य कारण म्हणजे प्रॉब्लेम. या दोघांतला फरक तीव्रतेचा नाही. इन्सिडेंटवर काम करणाऱ्याला सेवा लवकरात लवकर पूर्ववत करायची असते, तर प्रॉब्लेमवर काम करणाऱ्याला तसा बिघाड पुन्हा होण्याची शक्यता आणि झालाच तर त्याचा परिणाम कमी करायचा असतो.

सर्वांच्या स्मरणात असलेले एक उदाहरण घेऊ. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक सदोष अपडेट जगभर पाठवले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमान कंपन्या, बँका आणि रुग्णालये यांच्या दृष्टीने हा इन्सिडेंट होता, कारण त्यांची सेवा थांबली होती. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्यामुळे संगणक दुरुस्त झाले नाहीत, परंतु प्रवासी विमानात बसू शकले. पूर्ण उपाय हाती नसताना परिणाम कमी करणाऱ्या अशाच तजविजीला वर्कअराउंड म्हणतात, आणि ती तांत्रिकच असली पाहिजे असे व्याख्येत कुठेही म्हटलेले नाही.

कंपनीने ते अपडेट १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतले खरे, पण तोवर अडकलेले संगणक केवळ तेवढ्याने सुरू होईनात. कोणीतरी प्रत्येक संगणकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि सदोष फाइल पुसायची, असे काम पुढे कित्येक दिवस चालले. संगणक सुरू झाला आणि कर्मचारी कामाला लागला की त्या कार्यालयापुरता इन्सिडेंट संपला. मूळ कारण कळेपर्यंत तिकीट, म्हणजे त्या बिघाडाची नोंद, उघडे ठेवण्याची गरज नसते. परीक्षेत हा मुद्दा निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो.

कारणाचा शोध स्वतंत्रपणे चालू राहिला. कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, अपडेटच्या साच्यात २१ रकाने ठरवलेले होते आणि त्यांना माहिती पुरवणारा कोड मात्र २० च रकाने पुरवत होता. आधीच्या अपडेटांमध्ये एकविसाव्या रकान्यात काय आहे हे तपासलेच जात नव्हते, म्हणून काही बिघडले नाही. जुलैच्या अपडेटने ते तपासायला लावले आणि प्रोग्रॅम नसलेली माहिती वाचायला गेला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यात महत्त्वाचे असे, की ही विसंगती फेब्रुवारी २०२४ पासून त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. म्हणजे जवळपास पाच महिने इन्सिडेंट एकही नव्हता, आणि संभाव्य कारण या अर्थाने प्रॉब्लेम मात्र होता. ‘इन्सिडेंट मोठा झाला की प्रॉब्लेम होतो’ ही समजूत येथे टिकत नाही, कारण क्रमच उलटा आहे.

नोन एरर ही संज्ञाही याच ओघात लक्षात ठेवावी. ज्या प्रॉब्लेमचे विश्लेषण झाले आहे, परंतु जो अद्याप सुटलेला नाही, त्याला नोन एरर म्हणतात. ‘ज्याचा उपाय माहीत आहे ती चूक’ असा पर्याय समोर आला तर तो मोहक वाटला तरी निवडू नये. तुमच्या कार्यालयातील ‘पी-वन प्रॉब्लेम’ हा शब्दप्रयोग बदलायला जाऊ नका, तो बदलणार नाही. फक्त परीक्षेच्या दालनात तो सोबत नेऊ नका.

ठाण्याहून विचारते. चेंजचे तीन प्रकार पाठ आहेत, पण उदाहरण दिले की प्रकार ओळखता येत नाही. शिवाय प्रत्येक चेंज ‘कॅब’च्या (चेंज ॲडव्हायझरी बोर्ड, म्हणजे बदलांवर विचार करणाऱ्या मंडळाच्या) बैठकीत मंजूर व्हायलाच हवा ना?

नको. आयटीआयएल ४ मध्ये चेंज मंजूर करणाऱ्या व्यक्तीला किंवा गटाला ‘चेंज ऑथॉरिटी’ म्हटले आहे आणि ती चेंजच्या प्रकारानुसार ठरवावी, एवढीच अपेक्षा आहे. सगळे चेंज एकाच बैठकीपुढे नेण्याचा आग्रह या आवृत्तीत नाही. अनेक कार्यालयांत दर आठवड्याला कॅब भरते म्हणून उमेदवार ‘मंडळाची मंजुरी अनिवार्य’ हा पर्याय निवडतात आणि गुण गमावतात.

सेवांवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष परिणाम करू शकेल अशा कोणत्याही गोष्टीची भर घालणे, तीत फेरफार करणे किंवा ती काढून टाकणे म्हणजे चेंज. प्रकार ओळखताना एकच प्रश्न विचारावा : याची परवानगी केव्हा दिली गेली? धोका कमी आहे, कृती नीट समजलेली आणि लिहून ठेवलेली आहे, म्हणून परवानगी आगाऊच दिलेली असेल तर तो स्टँडर्ड चेंज. ठरलेल्या प्रक्रियेनुसार वेळापत्रक, जोखमीचे मूल्यमापन आणि मंजुरी अशा टप्प्यांतून जात असेल तर तो नॉर्मल चेंज. तो मोठाच असतो असे नाही, किरकोळ नॉर्मल चेंजची मंजुरी एखादा वरिष्ठ तत्काळ देऊ शकतो. इन्सिडेंट सोडवण्यासाठी किंवा सुरक्षेतील भगदाड बुजवण्यासाठी ताबडतोब करावा लागणारा तो इमर्जन्सी चेंज, आणि त्यातही मूल्यमापन व मंजुरी टाळली जात नाही, ती घाईने उरकली जाते. ‘इमर्जन्सी चेंजला मंजुरी लागत नाही’ हे विधान नेहमीच चूक असते.

वरच्या उदाहरणातील अपडेट या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारात बसेल, असे कोणी विचारील. नव्या धोक्यांची माहिती पुरवणारी अशी अपडेट वारंवार जात असतात, त्यामुळे रोजचे, ओळखीचे काम म्हणून त्यांच्याकडे पाहण्याचा कल असणे स्वाभाविक आहे. परंतु स्टँडर्ड चेंजला आगाऊ परवानगी मिळते ती आधी केलेल्या जोखमीच्या मूल्यमापनाच्या आधारावर, आणि काम वारंवार होते एवढ्यावरून त्याची जोखीम कमी ठरत नाही. त्या घटनेनंतर कंपनीने अशी अपडेटही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची व्यवस्था केली आणि ती केव्हा घ्यायची यावर ग्राहकांना अधिक नियंत्रण दिले.

पुस्तकाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. २०१९ च्या सुरुवातीच्या छपाईत चेंज हाताळण्याच्या या प्रॅक्टिसचे (आयटीआयएल कार्यपद्धतींना प्रॅक्टिस म्हणते) नाव ‘चेंज कंट्रोल’ असे आहे. नंतर ते ‘चेंज एनेबलमेंट’ झाले. जुनी प्रत हाती असल्यास नवे नाव त्यावर लिहून ठेवा.

पासवर्ड बदलून मागणे हा इन्सिडेंट की सर्व्हिस रिक्वेस्ट?

सर्व्हिस रिक्वेस्ट. सेवेचा नेहमीचा, आधीच मान्य झालेला भाग म्हणून वापरकर्त्याने जे मागितले ते रिक्वेस्ट. पासवर्ड बरोबर असूनही सर्वांनाच लॉगिन करता येत नसेल, तर तो इन्सिडेंट.

मी कोल्हापूरची, वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि आयटीत नव्याने येत आहे. युटिलिटी, वॉरंटी, आउटपुट, आउटकम हे शब्द वाचून समजल्यासारखे वाटतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ होतो.

हे चार शब्द सुटे पाठ केले तर गोंधळ होणारच. एकाच सेवेवर ते लावून पाहा. लोकलचे तिकीट मोबाइलवर काढून देणारी सेवा घ्या. मोबाइलवर उमटलेले तिकीट हे आउटपुट. रांगेत उभे न राहता प्रवाशाने वेळेवर गाडी गाठणे हे आउटकम, म्हणजे त्याला प्रत्यक्षात हवा असलेला परिणाम. आउटपुट सेवा देणारा तयार करतो. आउटकम ग्राहकाच्या बाजूला घडते आणि ते घडेलच याची खात्री आउटपुट देत नाही. तिकीट निघूनही गाडी चुकू शकते.

ही सेवा हव्या त्या स्थानकापर्यंतचे योग्य दराचे तिकीट देते, ही तिची युटिलिटी : ती काय करते. सकाळी साडेआठच्या गर्दीत ती सुरू असते, एकाच वेळी आलेल्या लाखो लोकांचा भार पेलते आणि पैशांचा व्यवहार सुरक्षित ठेवते, ही तिची वॉरंटी : ती कशी चालते. उपलब्धता, क्षमता, सुरक्षितता आणि अखंडितता ही वॉरंटीची नेहमीची चार अंगे आहेत. आपल्याकडे वॉरंटी म्हटले की फ्रिजचे कार्ड आठवते, ते येथे बाजूला ठेवावे लागते. दोन्हींपैकी एकाने भागत नाही; रात्री दोन वाजता उत्तम चालणारी आणि सकाळी बंद पडणारी सेवा प्रवाशाच्या उपयोगाची नाही.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात, म्हणून आणखी एक बाजू तुम्हाला सहज उमजेल. सेवेमुळे ग्राहकाचे काही खर्च आणि धोके कमी होतात, तसे काही नवे वाढतातही, उदाहरणार्थ मोबाइल, इंटरनेट, पैसे कापले जाऊन तिकीट न मिळण्याची धास्ती. सेवेचे मूल्य ठरवताना जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, असे आयटीआयएल सांगते. अनेक शिकवणी वर्गांत हा भाग घाईने उरकला जातो, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात तोच सर्वाधिक विचार करायला लावणारा आहे.

एसएलएचे (सेवेच्या दर्जाबाबत ग्राहकाशी केलेल्या कराराचे) सगळे आकडे पूर्ण झाले तरी ग्राहक नाराज असू शकतो का? आमचा अहवाल दर महिन्याला हिरवा असतो.

असू शकतो, आणि या प्रकाराला व्यवसायात ‘वॉटरमेलन एसएलए’ असे नावच आहे : कलिंगडासारखा बाहेरून हिरवा, आतून लाल. सर्व्हर महिन्यातून ९९.९ टक्के वेळ चालू होता हे खरे असते, पण राहिलेली सुमारे ४३ मिनिटे नेमकी पगाराच्या दिवशीची असतात. म्हणून सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंटमध्ये केवळ यंत्रांचे आकडे न मोजता ग्राहकाला हवे असलेले परिणाम मोजावेत आणि त्याच्याशी बोलून ते पडताळावेत, अशी अपेक्षा आहे.

एकूण ३४ प्रॅक्टिस पाठ कराव्या लागतात का? परीक्षेचे स्वरूप कसे असते?

नाही. फाउंडेशनसाठी १५ प्रॅक्टिसचा उद्देश माहीत असावा लागतो आणि त्यांपैकी कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट, चेंज एनेबलमेंट, इन्सिडेंट मॅनेजमेंट, प्रॉब्लेम मॅनेजमेंट, सर्व्हिस रिक्वेस्ट मॅनेजमेंट, सर्व्हिस डेस्क व सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंट या सात सविस्तर येतात. प्रश्न ४०, वेळ ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी २६ उत्तरे बरोबर हवीत, पुस्तक जवळ ठेवता येत नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. परीक्षेची भाषा ही ज्यांची मातृभाषा किंवा कामकाजाची भाषा नाही, त्यांना १५ मिनिटे अधिक मिळू शकतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांनी नोंदणी करतानाच त्याची चौकशी करावी.