हात तोच, चेंडू वेगळा

प्रश्न : ताई, मी १४ वर्षांचा आहे, शाळेच्या संघातून टेबल टेनिस खेळतो. मला पाच प्रकारच्या सर्व्हिस येतात, पण दुसऱ्या गेमपर्यंत समोरच्याला सगळ्या कळून चुकतात. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : पाचातल्या चार काही महिने बाजूला ठेव. रागावू नकोस. पाचही सर्व्हिसना तुझा हात वेगवेगळा फिरत असणार, आणि समोरचा हातच तर बघत असतो. फसवायचं तर हात एकसारखाच फिरला पाहिजे आणि त्यातून कधी भरपूर कटचा, म्हणजे उलट्या फिरकीचा, कधी कोरा, म्हणजे बिनफिरकीचा, चेंडू निघाला पाहिजे.

पेंड्युलम सर्व्हिस घे. बॅट झोक्यासारखी येते तेव्हा तिचं टोक सगळ्यात जोरात पळतं, मुठीजवळचा भाग सावकाश. टोकाकडच्या रबरावर चेंडू खालून पातळ घासला की कट बसतो. तोच मुठीजवळ, जरा जाड लागला की नुसता पुढे ढकलला जातो. फरक तीन-चार बोटांचा! समोरच्यानं कट समजून पुश केला, म्हणजे बॅट तिरकी धरून खालून ढकलला, की चेंडू उंच उठतो आणि तुला मारायला मिळतो. मात्र कोरा चेंडू जाळीला न लागता तिच्या जेमतेम वरून गेला पाहिजे; उंच गेला तर मार तूच खाशील.

मुलं इथंच चुकतात. कट देताना मनगट झटकतात, कोऱ्याला हात सैल सोडतात. कोऱ्यालाही तस्साच झटका दे, पण चेंडू बॅटवरून सुटल्यावर.

आवाजही चुगली करतो. कोरा ‘टक्’ वाजतो, कट जेमतेम ऐकू येतो. एका सामन्यात समोरची मुलगी माझ्या हाताकडे बघतच नव्हती, चक्क कान देऊन खेळत होती. त्यानंतर मी प्रत्येक सर्व्हिसला, बॅट लागते त्याच क्षणी पाय आपटायची सवय लावून घेतली.

चेंडू लपवू मात्र नकोस. आम्ही डावा हात आडवा घालून बिनदिक्कत झाकायचो. २००२ पासून ते बंद झालं. आता उघड्या तळहातावरून चेंडू किमान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवायचा आणि मोकळा हात लगेच बाजूला घ्यायचा. माझे हमखास पॉइंट त्या नियमानं गेले, तरी तो मला मनापासून पटतो. डोळ्यांदेखत चकवण्यात जी मजा आहे, ती झाकून मारण्यात नव्हती.

कट खरंच बसतोय का, हे घरी फरशीवर बघ : टप्पा पडल्यावर चेंडू तुझ्याकडे मागे वळला पाहिजे. मग टेबलाच्या पलीकडे मोबाईल ठेवून २० सर्व्हिस शूट कर, कुठली कट नि कुठली कोरी ते वहीत लिही, आणि आवाज बंद करून मित्राला ओळखायला सांग. दहाच्या आसपास बरोबर आल्या तर तो नुसते अंदाज मारतोय. पंधरा-सोळा आल्या तर व्हिडिओ मला पाठव. तुझा हात नेमका कुठं बदलतोय ते शोधू.