पात्र खोटं, पाऊल खरं

प्रश्न : व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारं यंत्र) लावून खेळताना एक आभासी बाई थेट माझ्या नाकासमोर आली. मी चटकन मागे सरकलो आणि कपाटावर आपटलो! नातू अजून हसतोय. समोर कुणी नाही हे ठाऊक असूनही असं का व्हावं?

उत्तर : हसू द्या, एकदा हेडसेट त्याच्या डोक्यावर चढवा, मग बघू. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये वैयक्तिक अंतर, म्हणजे समोरच्यापासून आपण नकळत राखतो ते, साधारण ४५ सेंटीमीटर ते १.२ मीटर असं मांडलं होतं, तेही अमेरिकी लोकांना पाहून. गंमत म्हणजे, संशोधक जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात लोक आभासी माणसाच्या पाठीपेक्षा तोंडापासून जास्त लांब राहिले. तो अंगावर आला, तर आणखी मागे हटले. तुम्हीही तेच केलंत. काही अ‍ॅपमध्ये इतरांना लांब ठेवणारी सेटिंग असते, ती लावा. कपाटाला मात्र सेटिंग नाही, त्याच्यापासून लांब उभे राहा.