चोपण रानात गहू: आधी जिप्सम की आधी चर?

प्रश्न: काका, शिरोळ तालुक्यात आमचं दीड एकर काळं रान आहे. वर्षानुवर्षं ऊसच केला. आता गहू पेरला की मधेमधे उगवतच नाही. उगवतो तो तिसऱ्या आठवड्यात पिवळा पडतो, ओंब्याही बारीक. खत दुकानदार म्हणतो, एकरी २० पोती जिप्सम आणि दुप्पट युरिया टाका. टाकू का?

उत्तर: युरिया आधी बाजूला ठेवा. सामू (पीएच) चढलेल्या रानात त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. दुप्पट टाकलात तर उडेलही जास्त.

आता जिप्सम. २० हा आकडा कुठून आला ते दुकानदारालाच विचारा. मातीचा नमुना देताना सामू, क्षारता, विनिमयी सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) आणि ‘जिप्समची गरज’ असं लिहूनच मागा; नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात हे येत नाही. सामू ८.५ च्या आणि विनिमयी सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर रान चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेलं. पांढरे क्षार फुटलेत पण हे दोन्ही आकडे खाली आहेत, तर जिप्समचे पैसे वाचवा. गोड्या पाण्यानं धुऊन निचरा केला की भागतं.

जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर जायला हवा. खाली पाणी तुंबलेलं असेल तर उन्हाळ्यात तो पुन्हा वर येतो. म्हणून आधी ओढ्यापर्यंत तीन-चार फूट खोल चर काढा. चर शेजाऱ्याच्या रानातून जाणार असेल तर बांधाचं भांडण आधी मिटवा, त्यावर माझ्याकडे खत नाही! मग मे महिन्यात जिप्सम शेणखताबरोबर वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा, वाफे बांधा, पावसाचं पाणी मुरू द्या. त्यावर धैंचा हे हिरवळीचं खतपीक पेरून ४५-५० दिवसांत, फुलाच्या तोंडावर गाडा.

यंदा गहू फक्त बऱ्या भागात करा. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या, पण सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवू नका; मात्र हलकं द्या. चोपणात पाणी साचून राहिलं की मुळं गुदमरतात आणि गहू पिवळा पडतो. तुमच्या तिसऱ्या आठवड्याचं कारण बहुधा तेच.

अहवाल आला की प्रत पाठवा, पोत्यांचा आकडा त्यावरून काढू.