बँका आणि पतसंस्था पाणी, जैवविविधता वाचवायला खरंच काही करू शकतात का?

तुमचा प्रश्न असा, की बँका, पतसंस्था यांना पाणी आणि जैवविविधता राखता येईल का, की पावसाळ्यात चार झाडं लावण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. माझ्या मते पुष्कळ आहे. ते सगळं कर्जमंजुरीच्या फाईलमध्ये आहे. मी सांगली जिल्ह्यात शेतीकर्जाचं काम सव्वीस वर्षं केलं, कवठेमहांकाळ, तासगाव, खानापूर आणि शेवटी मिरजेत. त्यामुळे सांगतोय ते टेबलामागं बसून पाहिलेलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीला एका गावात, एकाच ओढ्याच्या काठाला, दोन वर्षांत मी अकरा बोअरची कर्जं केली. एकेक फाईल चोख होती. सातबारा स्वच्छ, द्राक्षबाग उभी, दोन जामीनदार. पण अकराही बोअर एकाच खडकातलं पाणी ओढणार आहेत, हे कुठल्याच फाईलमध्ये दिसत नव्हतं. तिसऱ्या उन्हाळ्यात आधी बोअर गेल्या, मग विहिरी. ज्यांनी आमच्याकडून रुपयाही उचलला नव्हता त्यांच्या विहिरीसुद्धा. लोकांनी टँकरनं बागा जगवल्या, त्यासाठी हातउसने घेतले, मग सोनं गेलं. थकबाकीची नोटीस घेऊन एका घरी मीच गेलो होतो. त्या घरातल्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला तो घेववला नाही.

तेव्हा कळलं ते हे: विहीर-बोअरचं कर्ज शेतकऱ्याची ऐपत बघून द्यायचं नसतं, पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं तो सगळा भाग, बघून द्यायचं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणलोटांची वर्गवारी करते. कुठला सुरक्षित, कुठला अतिशोषित (मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलेला), हे कागदावर असतं. दोन विहिरींत किती अंतर हवं आणि अतिशोषित भागात नव्या विहिरीला पैसा द्यायचा नाही, याचे नाबार्डचे, म्हणजे शेतीकर्जाच्या शिखर बँकेचे, निकष आहेत. राज्याचा २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो. तरी आमच्या जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात त्याच्या कितीतरी पट खोल बोअर मारल्या जातात, कारण विहिरीला नाही म्हणणारी संस्था सोनेतारण लगेच देते आणि त्याच पैशात बोअर होते. म्हणून पाणलोटांच्या या वर्गवारीचा नकाशा गावातल्या सगळ्या कर्ज देणाऱ्यांच्या भिंतीवर हवा. एकानं दार लावून भागत नाही. विहीर नाकारली तर त्याच माणसाला शेततळं, ठिबक, बांधबंदिस्ती यांचं कर्ज पुढे केलं पाहिजे. नुसता नकार दिला की तो सावकाराकडे जातो.

आता ऊस. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उसाला कर्ज सहज मिळतं कारण वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर होते. गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या सचिवाला दारोदार फिरावं लागत नाही. त्यात एकरी किती पीककर्ज द्यायचं हे जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते, आणि उसाची रक्कम ज्वारीच्या कितीतरी वर. दुष्काळी शेतकरी हिशेब बरोबर करतो आणि ऊस लावतो. राज्यात साधारण चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सत्तरेक टक्के पाणी घेतो, असं कृषिमूल्य आयोगानंच म्हटलंय. टेंभू योजनेतून कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी खानापूर-आटपाडीला पोचलं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की डाळिंब, भाजीपाला, चारा वाढेल. ऊसही आला, आणि त्याला पैसा आम्हीच पुरवला. शाळू, तूर, हुलगा यांनाही वसुलीची अशीच खात्री मिळाली तर बँका तिकडे वळतील. शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपनीकडे माल, गोदामाच्या पावतीवर कर्ज, विक्रीच्या पैशातून कपात, ही व्यवस्था उभी करणं बँकांना जमण्यासारखं आहे.

यात बँकेचा स्वार्थही आहे. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठी पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या. तीच जमीन बँकेकडे तारण आहे. सातबाऱ्यावर बोजा तसाच राहतो आणि खाली जमीन मरून जाते. शेजारच्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आणि पडलेली रानं परत पिकाखाली आणली. अशा कर्जाला कमी व्याज लावलं तर बँक स्वतःचंच तारण वाचवते. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेनं २०२० साली मोजणी केली, तर तिथल्या वित्तसंस्थांची ३६ टक्के गुंतवणूक निसर्गाकडून मिळणाऱ्या सेवांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून निघाली. आपल्याकडच्या जिल्हा बँकेची अशी मोजणी झाली तर आकडा बराच वर जाईल, असं मला वाटतं.

कारखान्यांचं थोडक्यात सांगतो. गोदामातल्या साखरेवर दरवर्षी मालतारण कर्ज लागतं, ते मिळाल्याशिवाय हंगाम हलत नाही. सांडपाण्यावर मीटर आणि प्रदूषण मंडळाचं चालू संमतीपत्र, हे दोन्ही दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही, एवढी अट पुरे. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच मी डोळ्यांनी पाहिलाय.

जैवविविधतेचा प्रश्न मात्र बँकेत कुणी विचारतच नाही. जत, आटपाडी, माणचं माळरान आमच्या फॉर्मवर ‘पडीक’ असतं. सपाटीकरणाला, जेसीबीला कर्ज मिळतं. लांडगा, खोकड, चंडोल यांचं घर त्यात जातं हे लिहायला रकानाच नाही. ‘हिरव्या’ कर्जातही हे बघावं लागतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पवनचक्क्या आहेत. तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती, त्यांचं वागणंसुद्धा बदललं होतं. पवनऊर्जेला माझा विरोध नाही. पण पैसा देण्याआधी जागा कुठली, हे बँकेनं विचारलं पाहिजे. त्याच ऊर्जेसाठी आधीच नांगरलेली, मोडलेली जमीनही असते.

रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये हरित ठेवींची, म्हणजे ज्यांचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच लावायचा अशा ठेवींची, चौकट आणली. त्या ठेवींचा पैसा कुठे लावायचा या यादीत पाणी व्यवस्थापन आणि जैवविविधता संवर्धन दोन्ही आहेत. सहकारी बँका मात्र त्या चौकटीत नाहीत, आणि आपल्या गावातलं बरंचसं पीककर्ज त्यांच्याच साखळीतून, सोसायटीमार्फत येतं. हे बदलायला हवं.

तुम्ही सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल तर वार्षिक सभेच्या आधी लेखी प्रश्न द्या: गेल्या वर्षी विहीर-बोअरला किती कर्ज दिलं, कोणत्या गावात, आणि ते पाणलोट कोणत्या वर्गात मोडतात? तोंडी विचारलं तर चहापानाच्या गडबडीत राहून जातं. लेखी दिलं की इतिवृत्तात येतं, आणि पुढच्या वर्षी त्याच पानावरून परत विचारता येतं.